जॉबवर्कच्या बिलावरचा टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर): कुणाचा कापायचा, कुणाचा नाही, आणि कापलेला त्यांच्या नावावर कसा पोचवायचा?

हिशेबवही

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमची टेरी टॉवेलची भागीदारी फर्म आहे. सासरे आणि दीर भागीदार, हिशेब या वर्षापासून माझ्याकडे. सूत आमचं, विणकाम आमच्या शेडमध्ये. रंगाई, सायझिंग (सुताला खळ लावणं) आणि शिलाई मात्र बाहेर, जॉबवर्कवर म्हणजे मजुरीवर. शिलाई, धागे काटणं, घडी घालणं हे सगळं पूर्व भागातल्या घरांमधून होतं.

ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ चं टीडीएस रिटर्न ३१ जानेवारी २०२६ च्या आत भरायचंय. खातं उघडून बसले की प्रत्येक नावापुढे प्रश्न उभा राहतो. शिलाईच्या एका मावशींचं बिल महिन्याला १८,००० च्या आसपास असतं, त्यांचं कापायचं का? सायझिंगवाल्यांचं? टेम्पोचं? खोकी बनवून देणाऱ्याचं? आणि कापायला गेलं की ऐकावं लागतं, "शेजारच्या शेडवाले पूर्ण पैसे देतात, तुमच्याकडंच कसला टॅक्स निघाला?" मावशींची मिळकत १८० रुपये सहज सोडून द्यावेत अशी नाही, त्यामुळे त्यांचा राग मला समजतो.

नियम मला कळायला हवा आणि त्यांनाही नीट सांगता यायला हवा. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

जुना_करसल्लागार

ताई, शेजारच्या शेडपासूनच सुरुवात करतो, कारण सगळी भांडणं तिथंच अडतात.

मजुरीवर दिलेल्या कामाचा टीडीएस कलम १९४सी खाली येतो. भागीदारी फर्म, एलएलपी आणि कंपनी यांना उलाढाल कितीही असली तरी तो कापावाच लागतो. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल, तर आदल्या आर्थिक वर्षात उलाढाल १ कोटीच्या वर गेलेली असेल तरच. शेजारचे मालक एकटे असतील आणि त्यांची उलाढाल ७०-८० लाखांची असेल, तर त्यांनी न कापणं बरोबर आणि तुम्ही कापणंही बरोबर. मावशींना हे असंच सांगा. तुम्ही जास्त कडक वागताय किंवा ते चोरी करतायत, यातलं काहीच नाही.

आता मर्यादा. एका बिलाची रक्कम ३०,००० च्या वर गेली, किंवा वर्षभरात एकाच माणसाला दिलेली एकूण रक्कम १,००,००० च्या वर गेली, की कापायचं. व्यक्तीला १ टक्का, फर्म किंवा कंपनीला २ टक्के. मावशींच्या बाबतीत एप्रिल ते ऑगस्ट ९०,००० झाले, तोवर काही नाही. सप्टेंबरच्या बिलाला आकडा १,०८,००० झाला. आता टीडीएस फक्त वरच्या ८,००० वर नाही, पूर्ण १,०८,००० वर लागतो, म्हणजे १,०८० रुपये. ऑक्टोबरपासून दर बिलाला १८०. सप्टेंबरात एकदम १,०८० कमी हातात पडले की कुणीही हादरणारच. ज्यांचं वर्षाचं काम लाखावर जाणार हे एप्रिलातच दिसत असतं, त्यांच्याशी बोलून पहिल्या बिलापासून १ टक्का कापलेला बरा, असं माझं मत.

उचलीकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. बिल खात्यात जमा केलं किंवा पैसे दिले, यातलं जे आधी घडेल तेव्हा टीडीएस कापायचा असतो. दिवाळीला कामापोटी ४०,००० उचल दिली असेल तर त्याच दिवशी ४०० कापायला हवेत. बिल नंतर फिटेल म्हणून थांबता येत नाही.

खोकी आणि सायझिंगचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, आत्ता एक अशील बसलाय.

चार_टेम्पो

माझे स्वतःचे चार टेम्पो आहेत, चिंचोळी एमआयडीसी ते नवी पेठ रोजचं भाडं. पार्ट्या कधी १ टक्का कापतात, कधी नाही. माल वाहतुकीला टीडीएस नाही असं ऐकून आहे, खरं काय ते सांगा.

जुना_करसल्लागार

मालक, वर्षात कधीही दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या तुमच्या मालकीच्या नसतील, तुम्ही तसं लेखी दिलं आणि सोबत पॅन दिला, तर पार्टीनं कापायचं नाही. एका कागदावर 'माझ्याकडे दहापेक्षा जास्त मालवाहू वाहनं नाहीत' एवढं लिहून, पॅन टाकून, सही करून प्रत्येक पार्टीला एप्रिलातच देऊन ठेवा.

ताई, यात तुमच्याकडूनही एक काम आहे. टेम्पोचं कापलं नाही तरी भाडं आणि पॅन २६क्यू रिटर्नमध्ये (पगाराखेरीज इतर टीडीएसच्या तिमाही रिटर्नमध्ये) दाखवावं लागतं. शून्य टीडीएसची नोंद. 'कापलं नाही म्हणजे लिहायचं नाही' असं समजून पुष्कळ जण ती ओळ गाळतात.

आता सायझिंग आणि खोकी. माल कुणाचा, एवढंच विचारायचं. सूत तुमचं, सायझिंगवाल्यांनी त्यावर काम करून बीम (सूत गुंडाळलेला रूळ) परत दिला, तर ते मजुरीचं काम, १९४सी लागलं. रंगाईचंही तेच. रंग आणि केमिकल त्यांचं असलं तरी तुमच्या सुतावरची ती प्रक्रिया आहे, म्हणून पूर्ण बिलावर धरा. खोकेवाला मात्र कागद स्वतः विकत घेतो, खोकं बनवतो, त्यावर तुमचं नाव छापतो आणि तुम्हाला विकतो. ती खरेदी आहे. तुमच्या मापाचं आणि तुमच्या छापाचं असलं तरी १९४सी लागत नाही. तोच कागद तुम्ही त्याला पुरवला असता तर लागलं असतं.

बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर तो सोडून उरलेल्या रकमेवर कापायचं. जॉबवर्कवाल्याच्या ५ टक्के जीएसटीवरही टीडीएस कापलेली बिलं मी पाहिलीत. त्याची गरज नाही.

दाजीपेठ_लूम

माझी एकट्याची प्रोप्रायटरी, गेल्या वर्षी उलाढाल १ कोटी ४० लाख. कापायचं म्हटलं तर जॉबवर्कवाले दुसरीकडे जातात. नाही कापलं तर नेमकं काय होतं? खरंच विचारतोय.

जुना_करसल्लागार

तुम्हाला या वर्षी कापणं बंधनकारक आहे, आधी ते स्पष्ट. न कापल्याचा सगळ्यात मोठा फटका तुमच्या स्वतःच्या इन्कम टॅक्समध्ये बसतो. ज्या मजुरीवर टीडीएस कापून भरायला हवा होता आणि भरला नाही, तिच्या ३० टक्के रक्कम खर्च म्हणून मान्य होत नाही. ताईंच्या फर्मचं उदाहरण घेऊ. ६ लाखांच्या मजुरीवर टीडीएस कापला नाही. १,८०,००० रुपये नफ्यात धरले जातील आणि फर्मला सेससह ३१.२ टक्क्यांनी ५६,१६० रुपये कर पडेल. कापायचे होते फक्त ६,०००. तुम्हाला स्लॅबनुसार वेगळा आकडा येईल, पण हिशेब हाच. पुढे तो टीडीएस भरलात की त्या वर्षी खर्च मिळतो, पण तोवर पैसे अडकतात.

वर व्याज. न कापल्याबद्दल महिन्याला १ टक्का. कापून न भरल्याबद्दल महिन्याला दीड टक्का, आणि तिथं पोर्टल कॅलेंडर महिना धरतं. २५ नोव्हेंबरला कापलेली रक्कम ७ डिसेंबरच्या आत भरायची होती, ती ८ तारखेला भरली तर नोव्हेंबर आणि डिसेंबर असे दोन महिने धरून ३ टक्के. एका दिवसाचा उशीर. ३० एप्रिलपर्यंतची मुभा फक्त मार्चमध्ये कापलेल्याला असते. रिटर्न उशिरा भरलं तर दिवसाला २०० रुपये, जास्तीत जास्त टीडीएसच्या रकमेएवढे.

समोरच्यानं स्वतःच्या रिटर्नमध्ये ते उत्पन्न दाखवून कर भरला असेल, तर सीएच्या दाखल्यासह फॉर्म २६ए भरून तुमची मूळ जबाबदारी आणि ती ३० टक्के नामंजुरी टळते, व्याज मात्र टळत नाही. पण दहा-पंधरा जॉबवर्करांकडून त्यांची रिटर्नं गोळा करत फिरण्यापेक्षा १ टक्का कापणं सोपं.

हेमिंग_घर

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते. आमच्या घरी टॉवेलच्या हेमिंगचं (काठ दुमडून शिवण्याचं) काम चालतं, गल्लीतल्या आणखी काही बायका माझ्याकडून माल नेतात. बिल माझ्या एकटीच्या नावावर निघतं, त्यातून त्यांची मजुरी मी देते.

१ टक्का कापण्याला माझी ना नाही. पण कापलेला पैसा गेला कुठं ते तरी कळायला नको का? २०२२-२३ साली एका कारखान्यानं वर्षभर प्रत्येक बिलातून १ टक्का कापला. सात हजारांच्या वर रक्कम होती. माझ्या मुलानं रिटर्न भरलं, रिफंड मागितला, तर आयकर खात्याकडे त्या टीडीएसची नोंदच नाही म्हणून नामंजूर. कारखान्यात विचारलं की "भरलंय, येईल" एवढंच उत्तर. तिथलं काम आता मी करत नाही. सात हजार म्हणजे आमच्याकडं एका मशीनची दुरुस्ती आणि वर थोडे. सरकारनं घेतले असते तर वाईट वाटलं नसतं. पण ते मला मिळाले नाहीत आणि सरकारकडंही माझ्या नावानं दिसत नाहीत.

हिशेबवही

ताई, तुमचं वाचून पुढचं लिहायला घेतलेलं थांबवलं. आमच्या मावशींच्या बाबतीत असं होऊ नये म्हणून मी काय काय तपासायचं, ते कुणीतरी सांगा. आणि या ताईंचं काही होऊ शकतं का?

जुना_करसल्लागार

हेमिंग_घर, तुम्ही विचारलंत ते या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. टीडीएसचे दोन भाग असतात. पैसे चलनानं भरणं हा पहिला. ते पैसे कुणाचे, हे पॅनसकट तिमाही रिटर्नमध्ये सांगणं हा दुसरा. पैसे भरले आणि रिटर्न भरलं नाही, किंवा रिटर्नमध्ये पॅनचं एक अक्षर चुकलं, तर सरकारकडे पैसे पोचतात पण तुमच्या २६एएस मध्ये (तुमच्या पॅनवर जमा टीडीएसच्या आयकर खात्याच्या उताऱ्यात) काही दिसत नाही. कारखानदाराला वाटतं काम झालं. माझ्या मते रिटर्न न भरणं हा समोरच्या माणसावरचा अन्याय आहे, आणि ते कारखान्याच्या ऑफिसात कुणाला जाणवतही नाही.

तुमच्याकडे फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएस कापल्याचा दाखला, आहे का? असेल तर कुठला? कंपनीच्या लेटरहेडवर टाईप करून दिलेला कागद चालत नाही. खरा १६ए आयकर खात्याच्या टीडीएससाठीच्या ट्रेसेस पोर्टलवरून निघतो, त्यावर ट्रेसेसचं चिन्ह आणि सर्टिफिकेट नंबर असतो. रिटर्न भरलं असेल तरच तो निघतो. म्हणजे १६ए मागणं ही रिटर्न भरलं की नाही हे तपासायची सर्वांत सोपी पद्धत. रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून १५ दिवसांत तो द्यावाच लागतो, म्हणजे या तिमाहीचा १५ फेब्रुवारीपर्यंत.

तुमच्याकडून कापलेल्या रकमेची वसुली आयकर खातं पुन्हा तुमच्याकडून करू शकत नाही, कलम २०५ मध्ये ते स्पष्ट आहे. पण रिफंड हातात यायचा तर नोंद दिसायलाच हवी, आणि ती करू शकतो फक्त तो कारखाना.

आता घाईचं. नवा आयकर कायदा २०२५, १ एप्रिल २०२६ पासून लागू होतोय. त्यात टीडीएस रिटर्न दुरुस्त करायची मुदत दोन वर्षांवर आली आहे. त्यामुळे २०१८-१९ ची चौथी तिमाही ते २०२३-२४ ची तिसरी तिमाही, एवढ्या काळातल्या दुरुस्त्या ३१ मार्च २०२६ नंतर घेतल्या जाणार नाहीत. तुमचं २०२२-२३ यातच येतं. हातात हे दोन-अडीच महिनेच आहेत.

चार_टेम्पो

ही ३१ मार्चची गोष्ट आमच्या वाहतूकवाल्यांच्या ग्रुपवर टाकतो. कुणाकुणाचे जुने टीडीएस अडकलेत. धन्यवाद.

रात्रपाळी_कोडर

थोडं बाजूचं, पण विषय जवळचा आहे म्हणून. मी सोलापुरात घरी बसून एका अमेरिकन कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम करतो. तिकडे कंत्राटदाराचे पैसे सहसा कापत नाहीत, फक्त कळवतात. त्यांच्या देशातल्या कंत्राटदाराला २०२५ पर्यंत वर्षात ६०० डॉलर किंवा जास्त दिले तर १०९९-एनईसी हा फॉर्म पुढच्या ३१ जानेवारीपर्यंत सरकारला आणि त्या माणसाला द्यायचा. २०२६ मध्ये दिलेल्या पैशांसाठी ही मर्यादा २,००० डॉलर केली आहे. कर क्रमांक दिला नाही तर मात्र २४ टक्के कापतात. मी अमेरिकेबाहेर बसून काम करतो, म्हणून मला १०९९ लागू नाही, त्यांनी डब्ल्यू-८बेन (परदेशी असल्याचं लिहून देण्याचा फॉर्म) भरून घेतला. माझा प्रश्न असा की माझा टीडीएस कुणीच कापत नाही, मग मी काय करायचं?

जुना_करसल्लागार

कर तुम्ही स्वतः आगाऊ भरायचा. साधारण नियमानं १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च असे चार हप्ते. कलम ४४एडीए खाली निम्मं उत्पन्न नफा दाखवत असाल तर सगळा एकाच वेळी १५ मार्चपर्यंत चालतो. बँकेत डॉलर आल्याचे कागद जपून ठेवा. बाकी तुमच्या प्रश्नाला वेगळा धागा काढा, त्यात जीएसटीचंही बोलावं लागेल.

ताई, तुम्ही काय तपासायचं ते. पहिलं पॅन. प्रत्येक जॉबवर्करच्या पॅनकार्डाचा फोटो घ्या, फोनवर सांगितलेला नंबर लिहून घेऊ नका. पॅन नसेल तर १ टक्क्याऐवजी २० टक्के कापावे लागतात. आधारशी न जोडल्यानं पॅन निष्क्रिय झालेला असेल तरी २० टक्केच. आयकर पोर्टलवर लॉगिन न करता आधार लिंकची स्थिती बघता येते. घरकाम करणाऱ्या बऱ्याच बायकांचे पॅन असे निष्क्रिय पडलेत, १,००० रुपये भरून जोडता येतात. तो खर्च फर्मनं केला तरी फार नाही.

दुसरं, तुमच्या शेडमध्ये, तुमच्या मशीनवर, तुमच्या वेळेला येऊन शिलाई करणारी माणसं असतील तर ती जॉबवर्कर नाहीत, कामगार आहेत. पीसवर मजुरी दिली म्हणून कंत्राटदार होत नाहीत. त्यांच्या मजुरीला पगाराचे नियम लागतात आणि पीएफ, ईएसआयचा विचारही येतो. १ टक्का कापून त्यांना कंत्राटदारांच्या यादीत टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्या माणसाचा हक्क जातो आणि तपासणीत तुमचीही अडचण होते.

तिसरं तुम्ही विचारलं नाहीत, पण भागीदारी फर्म म्हणालात म्हणून सांगतो. १ एप्रिल २०२५ पासून कलम १९४टी आलं आहे. भागीदाराला वर्षात पगार, मोबदला, बोनस, कमिशन, भांडवलावरचं व्याज मिळून २०,००० च्या वर गेलं की १० टक्के टीडीएस. सासऱ्यांच्या आणि दिरांच्या नावावर खात्यात पगार जमा करत असाल तर तोही याच रिटर्नमध्ये येतो.

हिशेबवही

१९४टी बद्दल मला कुणी बोललंच नव्हतं. आमच्याकडे भागीदारांचा पगार मार्चअखेर एकदम जमा होतो, पण उचल दर महिन्याला असते. ती धरायची?

जुना_करसल्लागार

महिन्याची रक्कम पगारापोटी दिलेली असेल तर धरायची. कलमात भागीदाराच्या भांडवल खात्यात जमा केलेलंही येतं. स्वतःच्या भांडवलातून काढलेले पैसे मात्र मोबदला नव्हेत. म्हणून दर महिन्याच्या उचलीची नोंद नेमकी कशाखाली करताय ते तुमच्या सीएंबरोबर बसून आत्ताच ठरवा, मार्चला नको. १ एप्रिलनंतर कलमांचे नंबर बदलतील, हे सगळं नव्या कायद्यात कलम ३९३ मध्ये एकत्र आणलंय. मार्चपर्यंतची बिलं जुन्याच कायद्यात.

दाजीपेठ_लूम

सगळं वाचलं. आमच्या जॉबवर्करांना सांगणार आहे की फेब्रुवारीपासून कापणार आणि १६ए हातात देणार. पण त्यांचा पहिला प्रश्न असेल, हा पैसा परत मिळतो का?

जुना_करसल्लागार

हेमिंग_घर यांचंच उदाहरण घ्या. समजा वर्षाला बिलं ६ लाखांची, टीडीएस ६,०००. कलम ४४एडी खाली बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के नफा दाखवता येतो, रोखीतल्या रकमेवर ८ टक्के. सगळे पैसे बँकेत आले तर ३६,०००. खरा नफा जास्त असेल तर तो दाखवायचा. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या वर्षी १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर शून्य. दुसरं उत्पन्न नसेल तर ६,००० पूर्ण परत. अट एवढीच की आयटीआर-४ (अशा उत्पन्नाचं इन्कम टॅक्स रिटर्न) भरायला हवा. रिटर्न भरलं नाही तर पैसे तसेच पडून राहतात. गल्लीतल्या बायकांना दिलेल्या मजुरीची वही मात्र ठेवा, त्यातला खरा नफा तुमचा किती हे कुणी विचारलं तर दाखवता येतं.

हिशेबवही

मी ठरवलंय. आमच्याकडच्या सगळ्यांचे १६ए मी प्रिंट काढून देणार, आणि ज्यांना आयटीआर-४ भरता येत नाही त्यांची यादी करून आमच्या सीएंकडे एकत्र नेणार. सासऱ्यांनी होकार दिलाय.

आणि हेमिंग_घर यांनी त्यांच्या जुन्या कारखान्याकडे जाताना काय काय न्यायचं?

जुना_करसल्लागार

२०२२-२३ ची बिलं, १ टक्का कमी होऊन आलेल्या रकमा दिसतील असा बँकेचा उतारा, पॅनची प्रत, आणि त्या वर्षाचा २६एएस ज्यात नोंद नाही. सोबत एका पानाचा अर्ज: अमुक बिलांतून अमुक टीडीएस कापला, माझा पॅन हा, तिमाहीवार दुरुस्ती रिटर्न ३१ मार्चच्या आत भरून १६ए द्यावा. दोन प्रती, एकीवर पोच. नाही घेतली तर स्पीड पोस्टानं पाठवा. ऑफिसातल्या कारकुनाशी बोलत बसू नका, त्यांच्या सीएंचं नाव विचारा, दुरुस्ती तेच करतात. बऱ्याच वेळा चलन भरलेलं असतं, फक्त पॅन चुकलेला असतो, मग काम लवकर होतं. नोंद दिसली की मुलाला पोर्टलवर त्या वर्षाच्या रिटर्नसाठी रेक्टिफिकेशनचा (चूकदुरुस्तीचा) अर्ज करायला सांगा.

हेमिंग_घर

बिलं आहेत, बँकेचा उतारा मुलगा उद्या काढतो. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेमुळं या आठवड्यात कारखान्यात कुणी भेटेल असं वाटत नाही, सोमवारी जाते. काय म्हणाले ते इथंच लिहीन.